तुरीच्या वाण-चाचणीतील शेजार

तुरीच्या शेतात बांधाकडेचे झाड आतल्या झाडापेक्षा अधिक फांद्यांचे व अधिक शेंगांचे असते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. त्या झाडाचे बियाणे काही निराळे नसते. त्यास एका बाजूने शेजारी नसतो, एवढेच. गोष्ट साधी आहे. परंतु नवीन वाण निवडणाऱ्यास तिनेच पुष्कळदा चकविले आहे.

तूर पेरणीनंतर पहिला दीड महिना फार सावकाश वाढते. या अवधीत जे रोप दोन बोटे उंच होते, ते पुढे शेजाऱ्यावर सावली धरते. सावलीतील रोपाची मुळे तोकडी राहतात, आणि पाऊस सरल्यावर जमिनीतील ओलही उंच रोपच ओढून घेते. मुळांवरील गाठींमुळे द्विदल पिकांत नत्रासाठी होणारी ओढाताण तृणधान्यांपेक्षा कमी असते. तथापि प्रकाश, ओल व स्फुरद यांची वाटणी टळत नाही.

चाचणीत प्रत्येक वाणास एक लहान वाफा मिळतो. उंच, पसरट वाणाशेजारी बुटका वाण आला, तर बुटक्याच्या कडेच्या ओळीचे उत्पन्न घटते व उंचाचे वाढते. शेतकरी मात्र आपल्या शेतात एकच वाण पेरणार. तेथे उंचास उंचाचाच शेजार मिळणार. मग चाचणीत दिसलेले आधिक्य त्याच्या खळ्यावर येणार कोठून?

मर रोग असलेल्या जमिनीत हा घोटाळा वाढतो. रोगास बळी पडणाऱ्या वाणाची झाडे वाळली, की लगतच्या वाफ्याची कडेची ओळ मोकळी होते व जोमाने फळते. रोगाशी टिकून राहणे हा त्या वाणाचा गुण खरा, परंतु मेलेल्या शेजाऱ्याची जागा मिळणे हा त्याचा गुण नव्हे. काट्यावर मात्र दोन्ही एकत्रच तोलले जातात. म्हणून रोगप्रतिकारासाठी मुद्दाम राखलेल्या मरग्रस्त वाफ्यांत वजनापेक्षा जिवंत व मृत झाडांची मोजदाद महत्त्वाची मानतात. हैदराबादनजीक पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ संस्थेच्या संग्रहातून आलेला ‘मारुती’ (आयसीपी ८८६३) हा मर-प्रतिकारक वाण १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला; ‘आशा’ (आयसीपीएल ८७११९) हा वाण १९९३ मध्ये आला.

उपाय ठाऊक आहे, पण तो महाग आहे. समजा, वाफ्यात ६० सेंटिमीटर अंतरावर ४ मीटर लांबीच्या चार ओळी आहेत. कडेच्या दोन ओळी व प्रत्येक टोकाचा अर्धा मीटर वगळला, तर ९.६ चौरस मीटरांपैकी केवळ ३.६ चौरस मीटरांचे उत्पन्न हिशेबात येते. एवढ्या लहान क्षेत्रात १०० ग्रॅमची चूक झाली, तर हेक्टरी सुमारे पावणेतीन क्विंटलांचा फरक दिसतो. त्यामुळे मधल्या ओळींत नांग्या पडू न देणे, पडल्यास वेळीच भरणे, आणि सारख्या उंचीचे व सारख्या मुदतीचे वाण एका चाचणीत घेणे, या गोष्टींस पर्याय नाही. वाफ्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरविल्याने शेजाराचा पक्षपात विखुरला जातो. नाहीसा होत नाही.

संकराच्या दुसऱ्या पिढीत तर प्रत्येक झाड निराळे असते. तेथे डोळ्यांत भरणारे झाड पुष्कळदा शेजाऱ्याचा घास काढून मोठे झालेले असते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे सातूच्या चार वाणांचे मिश्रण वर्षानुवर्षे पेरण्यात आले होते; त्याचे फलित सुनेसन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. स्वतंत्र पेरला असता चांगले उत्पन्न देणारा ‘वॉन’ हा वाण मिश्रणातून जवळजवळ नाहीसा झाला आणि ‘ॲटलास’ने शेत व्यापले. भांडखोर वाण तो भरघोस वाण, असे समीकरण नाही. ऑस्ट्रेलियाचे डोनाल्ड यांनी १९६८ मध्ये याहून पुढे जाऊन मांडले, की दाट पिकात शेजाऱ्याशी कमी स्पर्धा करणारे झाडच एकूण शेतास अधिक उत्पन्न देईल. ग्रीसमधील फासुलास यांनी मात्र झाडे इतकी दूर लावावी की स्पर्धाच उरू नये, असा मार्ग धरला. प्रस्तुत लेखकास दुसरा मार्ग निवडीच्या आरंभी सोयीचा वाटतो. परंतु विरळ जागेत पसरणारी तूर दाट पेरणीत तशीच वागेल, ही खात्री त्यातून मिळत नाही.

आपल्याकडे तूर बहुधा ज्वारी, मूग, उडीद किंवा सोयाबीन यांच्या ओळींसह घेतात. तेथे शेजारी दुसऱ्याच जातीचा असतो, व सलग पेरणीतील क्रम तेथे टिकेलच असे नाही. असा वाण मिश्र पिकातही तपासावा लागतो.

शाळेच्या शेतीवाफ्यात हा प्रयोग सहज करता येईल. एकाच वाणाच्या सहा ओळी पेराव्या, चोहोबाजूंस मोकळी वाट ठेवावी, आणि सोंगणीच्या वेळी प्रत्येक ओळीच्या शेंगा निराळ्या पोत्यात भरून तोलाव्या. पीक-प्रात्यक्षिकाचे उत्पन्न नोंदविणाऱ्या ग्रामसेवकांनीही बांधाकडेच्या ओळी मधल्या ओळींत मिसळू नयेत. त्यांचे वजन निराळ्या रकान्यात लिहावे.