कॉलेजांची यादी : मनाप्रमाणे की भीतीपोटी?

डॉक्टर व्हायचे म्हणून दोन वर्षे रात्रीचा दिवस केलेली मुले अर्ज भरण्याच्या चार दिवसांत गोंधळतात आणि हातची जागा गमावतात. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांपुढे तर हा पेच जरा अधिकच अवघड असतो.

‘नीट’चा निकाल लागला की घरात दोन प्रकारचे वातावरण असते. गुण फारच कमी असतील तर पुढच्या वर्षाची चर्चा सुरू होते. गुण बरे असतील तर नातेवाइकांचे फोन सुरू होतात. नागपूरचे काका म्हणतात, ‘‘इकडेच पाठव, आम्ही आहोत ना!’’ पुण्याची आत्या म्हणते, ‘‘बी. जे. सोडून दुसरं काही भरू नका.’’ शेजारचे शर्माजी सांगतात की मुलीला दिल्लीबाहेर पाठवण्यात अर्थ नाही. प्रत्येक जण आपुलकीने बोलतो, पण प्रवेशाचे नियम त्यांपैकी फार थोड्यांनी वाचलेले असतात.

दक्षिण-पश्चिम दिल्लीतल्या द्वारका उपनगरात बदलीच्या नोकरीमुळे आलेली आणि मग इथेच फ्लॅट घेऊन स्थिरावलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी बोलले जाते, गणपती बसतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणे होते. त्यामुळे मुलाला मुंबईच्या केईएममध्ये किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये पाठवावे, असे आई-वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र प्रवेशाचे नियम मातृभाषा विचारत नाहीत. ते शाळेचा पत्ता विचारतात.

शाळा कुठे, त्यावर दार कुठले

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जागांची मोठी वाटणी अशी असते : ८५ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी आणि १५ टक्के साऱ्या देशातल्या मुलांसाठी. हे १५ टक्के आले ते न्यायालयामुळे. डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने काही जागा देशभरातल्या विद्यार्थ्यांना खुल्या करायला सांगितल्या आणि १९८६ साली ते प्रमाण १५ टक्क्यांवर ठरले.

महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत येण्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, पण ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचूनच गृहीत धरावेत. द्वारकेत शिकलेल्या मुलाला केईएमचे दार उघडते ते बहुधा १५ टक्क्यांतूनच. २५० जागांच्या महाविद्यालयात हे प्रमाण ३७-३८ जागांचे होते. त्याही पुढे आरक्षणात विभागल्या जातात आणि देशभरातले वरचे विद्यार्थी त्यांच्यावर डोळा ठेवून असतात.

उलट दिल्लीत याच मुलाला ८५ टक्क्यांचा हक्क आहे. मौलाना आझाद, लेडी हार्डिंग (१९१६ साली सुरू झालेले हे महाविद्यालय फक्त मुलींसाठी आहे) आणि दिलशाद गार्डनचे युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस ही दिल्ली विद्यापीठाची महाविद्यालये. त्यांच्या स्थानिक जागांसाठी अकरावी आणि बारावी राजधानी क्षेत्र दिल्लीतल्या मान्य शाळेतून झालेली हवी. इथेच द्वारकेतली काही कुटुंबे फसतात. गुरुग्राम हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या शाळांच्या बसगाड्या सकाळी दाराशी येतात. पण ती शाळा हरियाणात! घर दिल्लीत आणि शाळा हरियाणात असेल तर दिल्लीचा हक्क जातो. म्हणून हा विचार बारावीच्या निकालानंतर करून चालत नाही. तो दहावीनंतर, अकरावीची शाळा निवडतानाच व्हायला हवा.

दिव्याखाली अंधार

गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठाचे मुख्य आवार द्वारकेतच, सेक्टर १६ सीमध्ये आहे. सफदरजंग रुग्णालयाचे वर्धमान महावीर महाविद्यालय, राममनोहर लोहिया रुग्णालयाची अटलबिहारी वाजपेयी संस्था, रोहिणीचे बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आणि हिंदुराव रुग्णालयाचे महाविद्यालय याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. अलीकडच्या वर्षांत यांपैकी पहिल्या दोहोंचे प्रवेश केंद्रीय समिती करते, तर नंतरच्या दोहोंच्या स्थानिक जागांसाठी विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. घरापासून चार सेक्टर पलीकडे असलेल्या विद्यापीठाची ही नोंदणी राहून जाणे म्हणजे दिव्याखाली अंधार. केंद्रीय समितीचा अर्ज भरला म्हणजे सारे काही भरले, असे समजू नये.

जातीच्या दाखल्याबाबतही अशीच काळजी घ्यावी. केंद्रीय फेरीत इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या यादीप्रमाणे आणि केंद्राच्या नमुन्यात लागतो. महाराष्ट्राच्या २०२४ सालच्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले आरक्षण केंद्रीय फेरीत चालत नाही. उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास तिथे आर्थिक दुर्बल घटकाचा विचार करता येतो. गावाकडून दाखला मागवायला वेळ लागतो, म्हणून ही धावपळ निकालाच्या आधीच उरकावी.

क्रम कसा लावावा?

आता मुख्य प्रश्न. संगणकावर महाविद्यालयांची पसंती क्रमाने भरायची असते. इथे बहुतेक घरांत एक संवाद हमखास होतो.

‘‘बाबा, मौलाना आझाद पहिलं टाकते.’’

‘‘अगं, आपला नंबर तिथं लागायचा नाही. पहिली पसंती फुकट जाईल. जिथे नक्की मिळेल ते वर घाल.’’

वडिलांची भीती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीची आहे. संगणक गुणानुक्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो. त्याची पहिली पसंती रिकामी आहे का, हे पाहतो. नसेल तर दुसरी, मग तिसरी. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. अशक्य वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने काहीच गमवावे लागत नाही. नुकसान होते ते उलट केल्याने. ‘नक्की मिळणारे’ वर लिहिले की संगणक तेच देतो आणि खाली लिहिलेल्या आवडत्या महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नाही.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची रीत निराळी आहे. तिथे प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क वेगळे, निबंध वेगळे, मुलाखत वेगळी. त्यामुळे दहा-पंधरा ठिकाणे निवडताना आवाक्यातली किती आणि आवाक्याबाहेरची किती, याचा हिशेब करावाच लागतो. आपल्याकडे परीक्षा एक आणि यादी लांब. म्हणून इथे हिशेब नको, प्रामाणिकपणा हवा. अधिक आवडते ते वर, कमी आवडते ते खाली.

पण एक पथ्य पाळावे. जिथे मुलाला पाठवायचेच नाही, ते नाव यादीत घालू नये. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर सहसा काही बिघडत नाही. पुढच्या फेऱ्यांत मात्र अनामत रक्कम जप्त होते आणि अगदी शेवटच्या फेरीत जागा नाकारणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बसू न देण्याचा नियम अलीकडे आहे. शिवाय हातात एक जागा असताना ‘याहून चांगली हवी’ असे कळवले आणि ती मिळाली, की आधीची जागा आपोआप दुसऱ्याला जाते. मग ‘आमची पहिलीच बरी होती’ म्हणून उपयोग नसतो. प्रत्येक फेरीआधी यादी पुन्हा तपासावी आणि हातातल्या जागेहून खरोखर सरस तीच नावे ठेवावीत.

पैसा, करार आणि रोजचा प्रवास

अभिमत विद्यापीठांत राज्याची अट नसते. पुणे, नवी मुंबई, वर्ध्याची महाविद्यालये तिथे दिल्लीकर मुलालाही खुली असतात. परंतु पुष्कळ ठिकाणी वर्षाचे शुल्क २० लाखांच्या वर आहे. केवळ नोंदणीची अनामतच दोन लाख. ‘बघू या तर मिळतं का’ म्हणून ही नावे भरू नयेत. आधी आई-वडिलांनी कर्ज, घर आणि धाकट्या भावंडाचे शिक्षण यांचा विचार करून आकडा ठरवावा आणि तो मुलाला स्पष्ट सांगावा. फोनवरून ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालांना तर दारातच उभे करू नये. आता सारे प्रवेश अधिकृत फेऱ्यांतूनच होतात.

सरकारी जागा स्वस्त असते, पण तिच्यामागे बहुधा सेवेचा करार असतो. महाराष्ट्रात शिक्षणानंतर एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाही तर दहा लाख रुपये भरावे लागतात. हरियाणात २०२० साली सुमारे ४० लाखांच्या रोख्याचे धोरण आले. २०२२ साली रोहतकच्या विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केल्यावर सरकारला ते सैल करावे लागले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शुल्क नाही, पण पुढे लष्करात नोकरी करावी लागते. तिथे वेगळी चाचणी आणि मुलाखतही असते. वर्दीची ओढ असेल त्यानेच तो मार्ग धरावा.

‘दिल्लीतच मिळाले म्हणजे मुलगी घरी राहील’ हाही एक गोड समज आहे. द्वारका शहराच्या एका टोकाला, दिलशाद गार्डन दुसऱ्या टोकाला. रोज इतका प्रवास करून शरीरशास्त्राची पुस्तके कधी वाचायची? दिल्लीकर मुलाला वसतिगृहात खोली मिळेलच असेही नाही. अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या सकाळी मुलाला घेऊन मेट्रोने तो प्रवास करून पाहावा.

नव्या महाविद्यालयाचे नाव ऐकून हुरळू नये किंवा नाकही मुरडू नये. तिथल्या रुग्णालयात रोज रुग्ण किती येतात, हे विचारावे. डॉक्टर रुग्णांजवळ उभा राहूनच घडतो. रुग्णांची भाषाही महत्त्वाची. घरी मराठी बोललेल्या मुलाला नागपूरच्या एम्समध्ये (स्थापना २०१८) ती पहिल्या दिवसापासून कामी येईल. दूरच्या राज्यात नवी भाषा शिकण्याची तयारी हवी.

यादी कुणाची?

साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, अशी साडेपाच वर्षे मुलाला तिथे काढायची आहेत. काकांना नाही, आत्यालाही नाही. म्हणून काम वाटून घ्यावे. खर्चाची मर्यादा आई-वडिलांनी ठरवावी, नियम दोघांनी मिळून वाचावेत आणि क्रम मुलाने लावावा. यादी कायम करण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी प्रत्येक नावाशी थांबून मुलाला इतकेच विचारावे, ‘‘उद्या हेच मिळालं तर आनंदाने सामान बांधशील ना?’’ उत्तर ‘हो’ असेल तर ते नाव ठेवावे. मूल घुटमळले तर त्याला रागावू नये, पण ते नाव खोडून टाकावे.