एका गोळीची दिशा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, एवढाच हेतू.

या कथांची रीत सोपी आहे. एक गोष्ट बदलायची आणि पुढे तर्काचे बोट सोडायचे नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. १७६१ साली विश्वासरावांचा बळी घेणारी गोळी इथे कानाजवळून निसटते. मराठे जिंकतात, आणि प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. त्याचा उलगडा जादूटोण्याने होत नाही, क्वांटम सिद्धांताच्या आधारे होतो.

श्रोतेहो, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीकडे पाहून हाच प्रयोग करा. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांचे सैन्य तिथे हरले. ते जिंकले असते तर आजचे नागपूर कसे असते? कल्पना खुशाल करा, पण प्रत्येक पायरीला कारण द्या. २० मे २०२५ रोजी नारळीकर आपल्यातून गेले. विचाराची ही सवय त्यांच्या कथांतून आजही लागू शकते.