हिमप्रदेशाचा पाहुणा

श्रोतेहो, लातूर-नांदेडकडील वैशाख आपणांस ठाऊक आहे. दुपारीं पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, रस्ते ओस पडतात, आणि गल्लींतला गांवठी कुत्रासुद्धां ओलाव्याची जागा शोधून पोट टेकून पडतो. अशा वेळीं एखाद्या घराच्या दारांत दाट लोंकरीचा, लांडग्यासारख्या चर्येचा धिप्पाड कुत्रा धापा टाकीत बसलेला दिसला, तर मुलें कौतुकानें थबकतात. ह्या पाहुण्याचें नांव अलास्कन मॅलम्यूट. त्याची खरी ओळख करून घ्यावयाची, तर आरंभ त्याच्या रूपापासून न करतां त्याच्या देशापासून केला पाहिजे.

अमेरिका खंडाच्या वायव्य टोकास अलास्का हा प्रांत आहे. तेथें उत्तरध्रुववृत्ताच्या आसपास, कॉट्झेब्यू आखाताच्या परिसरांत राहणाऱ्या माहलेमुट नामक लोकांवरून ह्या कुत्र्यास हें नांव पडलें. चाकाची गाडी चालणार नाहीं अशा त्या मुलखांत, बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी, म्हणजे स्लेज, ओढण्याचें काम त्याजकडे असे. आपल्याकडे जें बैलाचें स्थान, तेंच तेथें त्याचें. वेगानें धांवणें हा त्याचा धर्म नव्हे. जड ओझें दूरवर ओढीत नेणें हा त्याचा धर्म होय. नराची उंची खांद्यापाशीं सुमारें २५ इंच व वजन सुमारें ३८ किलो असतें. १९३५ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें ह्या वंशास मान्यता दिली.

सायबेरियन हस्की हा त्याच्याच जातकुळीचा, परंतु अंगानें हलका व चपळ. हस्कीचे डोळे पुष्कळदां निळे असतात, मॅलम्यूटचे तपकिरी. ह्या गाडीओढ्या कुत्र्यांची योग्यता जगास कळली ती १९२५ च्या हिवाळ्यांत. अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची सांथ उद्भवली. नेनानापासून नोमपर्यंत ६७४ मैलांची वाट वीस गाडीवानांनीं आणि सुमारें दीडशें कुत्र्यांनीं टप्प्याटप्प्यानें तोडून साडेपांच दिवसांत प्रतिविष पोंचविलें. त्यांतील नामांकित अग्रेसर टोगो व बाल्टो हे हस्की होते.

हें सामर्थ्य शरीराच्या ज्या रचनेवर उभें आहे, ती पाहण्यासारखी आहे. मॅलम्यूटच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आंतला थर तेलकट, लोंकरीसारखा दाट, वरचा राठ. पहिला अंगांतली ऊब धरून ठेवतो, दुसरा हिमकण अंगाशीं भिडूं देत नाहीं. झोंपतांना तो झुपकेदार शेपटीनें नाक झांकून घेतो. सारांश, उष्णता बाहेर जाऊं न देणें ह्याच एका हेतूनें निसर्गानें हें शरीर घडविलें आहे.

आतां हेंच शरीर आपल्या उन्हाळ्यांत आणून ठेवा. माणसास सर्वांगानें घाम येतो. कुत्र्यास तो पंजाच्या तळव्यांपुरता. त्याचा मुख्य आधार म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणें. हवाच तापलेली असली, म्हणजे हा उपाय अपुरा पडतो आणि उष्माघात होऊन प्राणावर बेततें. केस मुळापासून कापून टाकावे, तर तेंही हितावह नाहीं; कातडी उन्हानें भाजते, आणि केस पुन्हां पूर्वीसारखे येतीलच असें नाहीं. शिवाय त्यास पाणीही मुबलक लागतें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी ज्या लातूरनें प्यालें, त्या लातुरास पाण्याचें मोल निराळें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मग चांगला कुत्रा पाळावयाचाच नाहीं काय? अवश्य पाळावा, परंतु आधीं घराशेजारीं पाहावें. लातूर जिल्ह्यांत चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव कारवानी कुत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, उंच सडपातळ पाय आणि अंगासरशी बसलेले तोकडे केस. ज्याच्या कानांवर व शेपटीवर रेशमी झालर असते, त्यास पश्मी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर ह्याचे पूर्वज इकडे आले, अशी परंपरागत समजूत आहे. म्हणजे एके काळीं तोही पाहुणाच. परंतु पिढ्यानपिढ्या ह्या माळरानावर सशामागें धांवून तो ह्या मातीचा झाला. अर्थात् त्यासही धांवण्यास मोकळें रान हवें. साखळीस बांधून त्याचें जिणें सुखाचें होत नाहीं.

ज्यांच्या घरीं मॅलम्यूट किंवा हस्की आलाच असेल, त्यांनीं त्याचा त्याग करूं नये. त्याची काळजी मात्र वाढवावी. पहांटे उजाडण्यापूर्वीं त्यास फिरवून आणावें. दिवसा गार फरशी, सांवली व वारा द्यावा. पाण्याचें भांडें कधीं रितें ठेवूं नये. केस विंचरावे, कापूं नयेत. लाळ चिकट झाली, झोंकांड्या जाऊं लागल्या, कीं तत्काळ सांवलींत घेऊन अंगावर थंड पाणी ओतावें, वारा घालावा आणि पशुवैद्यास गांठावें.

प्राण्यावर प्रेम करणें सोपें आहे. तो कोणत्या मुलखासाठीं जन्मला, हें जाणून प्रेम करणें अवघड. श्रोतेहो, मुलांनीं हट्ट धरला, तर कुत्रा घरीं आणण्यापूर्वीं त्यांना एवढें अवश्य समजावून सांगा.