बर्लिनचा रस्ता अमरावतीहून
लेखमाला : परक्या पाण्यात – भाग सहावा

मागच्या भागात युस्रा मार्दिनी लेस्बॉस बेटावर पोहोचली होती. दमास्कसची मुलगी, वडील जलतरण प्रशिक्षक. ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, थोरली बहीण सारा हिच्याबरोबर ती घराबाहेर पडली. तुर्कस्तानहून निघालेल्या रबरी होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं तेव्हा दोघी बहिणी पाण्यात उतरल्या आणि होडी काठाला लागेपर्यंत तीन तासांहून जास्त वेळ पाण्यातच होत्या. २०२२ च्या चित्रपटामुळे हा प्रसंग आता अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. जलतरणपटू म्हणून तिचं आयुष्य मार्गी लागलं ते मात्र त्यानंतर, कोरड्या जमिनीवर.

बाल्कन देश पार करून दोघी बर्लिनला निर्वासितांच्या छावणीत आल्या. तिथल्या एका इजिप्शियन दुभाष्याने त्यांची गाठ ‘वासरफ्रॉइंडे श्पांडाउ ०४’ या क्लबशी घालून दिली. प्रशिक्षक स्वेन श्पानेक्रेब्स यांनी त्यांना पोहून दाखवायला सांगितलं आणि ठेवून घेतलं. कागदपत्रं पुढे यथावकाश झाली. वर्षभराच्या आत, रिओ २०१६ मध्ये, युस्रा ऑलिम्पिकच्या पहिल्यावहिल्या निर्वासित संघातल्या दहा खेळाडूंपैकी एक होती. १०० मीटर बटरफ्लायची आपली प्राथमिक शर्यत तिने १ मिनिट ९.२१ सेकंदांत जिंकली. पुढच्या फेरीत जाण्याइतकी ती वेळ नव्हती. टोकियोत ती निर्वासित संघाची एक ध्वजवाहक होती.

बर्लिनमध्ये ती ज्या तलावात सराव करायची, तो बांधला गेला १९३६ च्या ऑलिम्पिकसाठी, म्हणजे नाझींच्या राजवटीत. याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला बर्लिनला गेलं होतं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्यातली मुलं, इंग्रजी अमदानीत, हिटलरच्या राजधानीत मल्लखांब करत होती! मंडळाच्या आवारात वाढलेल्या माणसांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. पण पुढची गोष्ट अमरावतीतही फारशी कुणी सांगत नाही.

जुलै २०१७. अमरावतीत जन्मलेली आणि नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारी दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे बर्लिनच्या पॅरा जलतरण स्पर्धेला गेली. सरकारी निधी वेळेत तिच्या हातात पडला नाही, म्हणून परक्या शहरात उधार-उसनवार करून तिने दिवस काढले. त्या अवस्थेत पाण्यात उतरली, रौप्यपदक मिळवलं आणि जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरली.

ही जागतिक स्पर्धा मेक्सिको सिटीत होती. १९ सप्टेंबरच्या भूकंपामुळे ती पुढे ढकलली गेली आणि डिसेंबरात झाली. हे शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर. तिथली हवा विरळ, त्यामुळे दम लवकर लागतो. कांचनमालाने २०० मीटर वैयक्तिक मिडलेमध्ये सुवर्णपदक जिंकलं. जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण.

दृष्टिहीनांच्या ‘एस ११’ गटातली मिडले म्हणजे नेमकं काय, ते बघण्यासारखं आहे. सगळ्या स्पर्धकांना पूर्ण काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे कुणाला अंधुक दिसत असलं तरी त्याचा फायदा मिळू नये. पन्नास मीटरच्या तलावात बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल, प्रत्येकाची एक-एक लांबी. दोन्ही टोकांना एकेक मदतनीस उभा असतो. त्याला ‘टॅपर’ म्हणतात. त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की नेमक्या क्षणी डोक्याला किंवा पाठीला एक टपली. उशीर झाला तर हात नाहीतर डोकं भिंतीवर आदळतं. घाई झाली तर वळण फसतं आणि सेकंद जातात. बॅकस्ट्रोकमध्ये डोळस खेळाडू वर टांगलेल्या पताका पाहून भिंत किती जवळ आली ते ओळखतो. इथे ती सोय नाही. हाताचे फटके मोजायचे आणि टपलीची वाट पाहायची. लेनच्या दोरीला खांदा घासला की कळतं, आपण तिरके चाललोय.

असा खेळाडू आपल्या भागात घडतो कसा, याचंच मला नवल वाटतं. पूर्वी गावातले पोट्टे कमरेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत शिकायचे. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. स्पर्धेसाठी तलाव हवा. पन्नास मीटर लांब, पंचवीस रुंद आणि दोन मीटर खोल तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. अकोल्यात उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. काटेपूर्णा धरणातला साठा किती उरला, ही तिथली नेहमीची बातमी. तिथे एवढं पाणी भरून ठेवा म्हणायला नगरसेवकाची जीभ रेटत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. म्हणून मूल जरा वेगात पोहायला लागलं की घरचे नागपूर किंवा पुणे गाठतात. कोल्हापूरचा वीरधवल खाडेसुद्धा लहान वयातच सरावासाठी बंगळूरला गेला आणि तिथूनच २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला पोहोचला. जलतरणपटूच्या बाबतीत स्थलांतर हा अपवाद नाहीच.

बर्लिनमधल्या या दोघींची तुलना मला टाळता येत नाही. जिच्या मागे देश उरला नव्हता तिला त्या शहरात तलाव, प्रशिक्षक आणि राहायला जागा मिळाली. जिच्या खिशात पासपोर्ट होता आणि छातीवर देशाचं नाव होतं, तिला उसने पैसे मागावे लागले. जर्मनी उदार आणि आपण कंजूष, इतकं हे सरळ नाही. बर्लिनच्या क्लबने कुठल्या मंजुरीची वाट पाहिली नाही, हा मुद्दा आहे. आपल्याकडे निर्णय आणि पैसा यांच्यामध्ये फाइल असते, आणि स्पर्धेची तारीख फाइलसाठी थांबत नाही. शिवाय ‘एस ११’ च्या खेळाडूबरोबर टॅपरही लागतो. त्याचं तिकीट, त्याचा व्हिसा, त्याची खोली हा खर्च खेळाडूच्या खर्चातच धरायला हवा.