ओळखपरेड संगणकाच्या आतली

हिंगणा एमआयडीसीतल्या लहान युनिटमध्ये बहुधा एकच संगणक सगळे काही सांभाळतो. टॅली त्यातच, जीएसटीचे विवरणपत्र त्यातच, ई-वे बिल त्यातच आणि बँकेचे खातेही त्यातच. असा संगणक एके दिवशी रेंगाळू लागतो. कोणीतरी टास्क मॅनेजर उघडतो आणि समोर शे-दीडशे नावे येतात: एसव्हीसीहोस्ट, एलसॅस, सीएसआरएसएस, विनइनिट. ही नावे मालकाने ठेवलेली नसतात आणि यातला एकही कार्यक्रम त्याने स्वतः सुरू केलेला नसतो. यातले घरचे कोण आणि घुसखोर कोण, हे कसे ओळखायचे?

नावावरून ओळखता येत नाही, हे आधी पक्के करायला हवे. फाइलला कोणतेही नाव देता येते आणि घुसखोर नेहमी घरच्या माणसाचेच नाव घेतो. एसव्हीसीहोस्टमधली दोन अक्षरे उलटवून केलेले ‘एससीव्हीहोस्ट’ ही जुनी युक्ती. एलसॅसच्या आरंभी छोट्या ‘एल’ऐवजी मोठा ‘आय’ टाकला तर कित्येक टाइपांत डोळ्यांना फरक कळतच नाही. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने तर स्वतःची नोंद विंडोजच्या सेवांमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी सेंटर (२.०) सर्व्हिस’ अशी करून ठेवली होती. चोराने पहारेकऱ्याचाच गणवेश घातला होता!

उलट घाबरवणाऱ्या पुष्कळ गोष्टी निरुपद्रवी असतात. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ने प्रोसेसरचा ९५ टक्के वेळ घेतलेला दिसला की अनेकांचे धाबे दणाणते. वास्तविक तो आकडा म्हणजे प्रोसेसर किती रिकामा बसला आहे त्याचा हिशेब. एसव्हीसीहोस्टच्या साठ-सत्तर प्रती दिसणे हेही रोगाचे लक्षण नाही. विंडोजच्या अनेक सेवांना स्वतंत्र कार्यक्रम नसतो. एसव्हीसीहोस्ट त्यांना घर देतो, म्हणून तो ‘होस्ट’. पूर्वी एका घरात अनेक सेवा नांदत. २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारणेनंतर साडेतीन जीबी किंवा त्याहून अधिक मेमरी असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवा वेगळ्या राहू लागल्या आणि घरांची संख्या वाढली. फोनवरून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे सांगणारे ठग याच अज्ञानावर जगतात. टास्क मॅनेजर किंवा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावायचे, सामान्य नोंदी दाखवून घाबरवायचे आणि दुरुस्तीचे पैसे घ्यायचे.

नाव सोडले की पाहायचा तो पत्ता. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या भागात नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हटले की ती फाइल कुठल्या फोल्डरात राहते ते उघडते. खऱ्या एसव्हीसीहोस्टचे घर विंडोजच्या फोल्डरातील सिस्टिम-३२ मध्ये असते. ३२-बिट प्रत सिसवाऊ-६४ मध्ये. तेच नाव डाउनलोड्स, टेम्प किंवा अॅपडेटा फोल्डरात राहत असेल, तर संशयाला पुरेसे कारण आहे.

मग स्वाक्षरी. जीएसटीसाठी आपण पेनड्राइव्हसारखी दिसणारी डीएससी वापरतो, तिच्याच भावकीतली डिजिटल स्वाक्षरी सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या फाइलींवर करतात. मात्र स्वाक्षरीही शेवटचा शब्द नव्हे. इराणच्या अणुप्रकल्पावर सोडलेल्या आणि २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन तैवानी कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रे वापरली होती.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा वंशावळीचा. प्रत्येक प्रोसेसला सुरू करणारा कोणीतरी असतो. एसव्हीसीहोस्टला ‘सर्व्हिसेस’ जन्म देते, एलसॅसला ‘विनइनिट’. टास्क मॅनेजर हे नाते नीट दाखवत नाही. मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातले प्रोसेस एक्सप्लोरर ते झाडासारखे मांडते, स्वाक्षऱ्याही तपासते, आणि मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते. समजा, फॅब्रिकेशनच्या एका कारखान्याला कोटेशन मागणारी मेल आली आणि सोबतची एक्सेल फाइल उघडली. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये एक्सेलच्या पोटी पॉवरशेल जन्मलेले दिसते. एक्सेल खरे, पॉवरशेलही मायक्रोसॉफ्टचेच, दोघांचे पत्ते आणि स्वाक्षऱ्या चोख. तरीही कोटेशनच्या तक्त्याला पॉवरशेल सुरू करण्याची गरज काय? खोट इथे दोघांच्या नात्यात आहे.

हाच प्रश्न २७ जून २०१७ रोजी नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात येऊन धडकला. नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमध्ये हिशेबाच्या एम-ई-डॉक या रीतसर सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला. तिथून तो मर्स्क समूहात शिरला आणि त्या समूहाची कंपनी चालवत असलेले जेएनपीटीतले गेटवे टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. विषाणू चालवायला त्याने विंडोजचेच रनडीएलएल-३२ वापरले. एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारायला त्याने ज्या मार्गांचा आधार घेतला, त्यांपैकी एक पीएसएक्झेक हे दूरस्थ व्यवस्थापनाचे साधन, तेही सिसइंटर्नल्सचेच! फक्त त्याने ते ‘डीएलएलहोस्ट’ या घरच्या नावाने, ‘डॅट’ असे शेपूट लावून ठेवले होते. तपासनिसाची आणि चोराची हत्यारे एकाच पेटीतली निघाली.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण याहून खोल जाते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी, आणि १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एटीएमकडून आलेली मागणी एका स्विच यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. चोरांनी बनावट ‘प्रॉक्सी’ स्विच उभा केला आणि मंजुऱ्या तिथूनच दिल्या जाऊ लागल्या, असे बँकेने सांगितले. मुख्य संगणकाला विचारणाच होत नव्हती, मग तो नकार देणार कुठून? अशाच पद्धतीच्या हल्ल्यांबद्दल अमेरिकी यंत्रणांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘फास्टकॅश’ नावाने इशारा दिला. त्यातल्या तऱ्हेत वाईट कोड स्विचच्या खऱ्या, चालू प्रोसेसमध्येच टोचला जातो. तिथे नाव, पत्ता, वंशावळ सगळे बरोबर असते आणि फक्त वागणे बदललेले असते. ते पकडायचे तर दोन वह्या ताडून पाहाव्या लागतात: स्विचने किती मंजूर केले आणि मुख्य संगणकाने किती.

संशय आला म्हणून दिसेल ते पुसून टाकणेही महागात पडते. २००२ च्या सुमारास ‘टेडी अस्वलाचे चित्र असलेली फाइल म्हणजे व्हायरस’ अशी मेल जगभर फिरली आणि लोकांनी विंडोजची स्वतःची एक निरागस फाइल हाताने पुसली. ती अडाणी लोकांची चूक म्हणावी, तर २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अँटिव्हायरसनेच विंडोज एक्सपीतल्या खऱ्या एसव्हीसीहोस्टला विषाणू ठरवले. असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले.

म्हणून शंकेची फाइल आधी व्हायरसटोटलसारख्या ठिकाणी ताडून पाहावी. फाइलमध्ये ग्राहकांची माहिती असेल तर ती न चढवता तिचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसा, तेवढा शोधावा. शंका पक्की झाली तर नेटवर्कची वायर काढावी, वायफाय बंद करावे, पण फाइली कुलूपबंद होताना दिसत नसतील तर संगणक घाईने बंद करू नये; मेमरीतला पुरावा वीज जाताच पुसला जातो. त्या संगणकावरून झालेला बँकेचा कारभार दुसऱ्या यंत्रावरून तपासावा आणि पासवर्डही तिथूनच बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. कंपन्यांसाठी सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे.