संगणकाची पदवी घेतल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. संगणकशास्त्राची पदवी पहिल्या वर्गांत मिळवून तो पुण्याजवळ हिंजवडी येथें एका कंपनींत नोकरीस लागला आहे. तो म्हणाला, "सर, चार वर्षें शिकलों, पण येथें पांच महिने झाले, स्वतःचा असा एकहि प्रोग्राम लिहिला नाहीं. दुसऱ्यांनीं लिहिलेलें जुनेंच वाचीत बसतों. नोकरी सोडावी म्हणतों." त्याच्या शिक्षणासाठीं वडिलांनीं बँकेचें कर्ज काढलेलें, त्याचे हप्ते नुकतेच सुरू झालेले. त्यास काय सांगावें याचा विचार करतांना जें आम्हांस सुचलें, तें याच वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्या मुलामुलींस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

कॉलेजांत विद्यार्थ्यास प्रश्न मिळतो, तो कोऱ्या पानावर उत्तर लिहितो, आणि गुण मिळाले कीं तें पान पुन्हा कोणी उघडीत नाहीं. कंपनींत नेमकें याच्या उलट असतें. बँकेचा किंवा विम्याचा प्रोग्राम दहा-वीस वर्षें चालत आलेला असतो, त्याच्या ओळी लाखांनीं मोजाव्या लागतात, व ज्यांनीं तो लिहिला ते केव्हांच दुसरीकडे गेलेले असतात. नव्या माणसास त्यांत एखादी लहानशी दुरुस्ती सांगतात. बदलावयाच्या ओळी तीनच. पण त्या कोणत्या, हें समजण्यास तीनशें ओळी वाचाव्या लागतात. जुन्या वाड्याची भिंत पाडण्यापूर्वीं गवंडी तिच्यावर कोणती तुळई टेकली आहे तें पाहतो, तसेंच हें आहे.

हें पाहणें राहून गेलें तर काय होतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ४ जून १९९६ रोजीं युरोपीय अवकाश संस्थेचा 'एरिआन-५' हा अग्निबाण दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियाना येथून प्रथमच उडाला, आणि सुमारें ४० सेकंदांतच मार्ग सोडून आकाशांत फुटला. त्याबरोबर ४ उपग्रहहि नष्ट झाले. चौकशींत असें दिसून आलें कीं, दिशा सांभाळणारा प्रोग्राम आधींच्या 'एरिआन-४' वरून जसाच्या तसा घेतला होता. त्यांत एक मोठी संख्या लहान जागेंत बसविली जात असे. त्या जागेंत ३२,७६७ हून मोठा आंकडा मावत नसे. जुन्या अग्निबाणाच्या वेगास तेवढी जागा पुरत होती, नव्याच्या वेगास पुरली नाहीं. आणि नवल असें कीं, प्रोग्रामाच्या त्या भागाचें नव्या अग्निबाणांत उड्डाणानंतर कांहींच काम नव्हतें! लिहिणारे कुशल होते. परंतु जुनें नव्या ठिकाणीं ठेवतांना तें पुन्हा तपासलें गेलें नाहीं.

आतां नोव्हेंबर २०२२ मध्यें लोकांपुढें आलेल्या चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळें प्रोग्राम लिहिणें फारच सोपें झालें आहे. यंत्र क्षणांत शंभर ओळी लिहून देतें. मात्र त्या बरोबर आहेत कीं नाहींत हें वाचून ठरविणारा माणूस लागतोच, व ज्यास वाचतां येत नाहीं त्याची नोकरींत फजिती होते.

ही संवय पदवीच्या वर्षांतच लावून घेतां येते. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं 'गिट' नांवाचें साधन तयार केलें. कोणी, केव्हां व कोणती ओळ बदलली याची ती जणूं रोजनिशीच होय. तें फुकट मिळतें, व बहुतेक कंपन्यांत तेंच वापरतात. एखादा लहानसा, पण कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाचा प्रोग्राम करून तो वर्षभर चालता ठेवावा. मुलाखतींत दहा अपुऱ्या कामांपेक्षां असें एक काम दाखवितां आलें तर बोलावयास पुष्कळ सांपडतें. आमच्या वाचनालयाची नोंदवही अद्यापि हातानें लिहिली जाते. तिच्यासाठीं प्रोग्राम करूं म्हणणारे तीन विद्यार्थी आम्हीं पाहिले. तो वर्षभर चालविणारा मात्र अजून पाहावयाचा आहे.

पालकांस दोन शब्द. पदवी हातीं येतांच नोकरी मिळेल असें नाहीं. मधले कांहीं महिने रिकामे गेले तर मुलास शेजारच्या मुलाचा दाखला देऊं नये. नोकरी देतों म्हणून आगाऊ पैसे मागणारा कोणीहि येवो, त्यास दारांतूनच परत पाठवावें. आणि अमुक वर्षें नोकरी न सोडण्याचा करार पुढें केल्यास तो घरीं आणून, सर्वांनीं मिळून वाचल्याशिवाय सही करूं देऊं नये.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं राहा किंवा सोड, असें कांहींच सांगितलें नाहीं. तुझ्याकडील जुना प्रोग्राम काय करतो तें आम्हांस समजावून सांग, एवढेंच म्हटलें. तो अर्धा तास बोलत होता: व्याज कसें आकारतात, ३१ मार्चच्या रात्रीं काय काय चालतें. मध्येंच तो थांबला व म्हणाला, "सर, एक जागा मलाच नीट समजलेली नाहीं." गेल्या महिन्यांत त्याचा फोन आला. ती जागा त्यास उलगडली आहे, आणि तेथें एक चूकहि सांपडली. नोकरी अद्यापि चालू आहे.