भाकरीला तिरपा उजेड, डाळिंबाला मागून

ज्वारीच्या गरम भाकरीचा फ्लॅश लावून फोटो काढा. पांढुरकी, सपाट चकती दिसेल. आता फ्लॅश बंद करून तीच भाकरी सकाळच्या खिडकीशी न्या, ऊन तिला आडवं घासून जाईल अशी ठेवा आणि कॅमेरा अगदी जवळ आणा. फाटलेले पापुद्रे, त्यांच्या कडा, थापताना उमटलेले बोटांचे ठसे, तव्याला टेकलेले उंचवटे आणि त्यांवरचे तपकिरी डाग असा सगळा मुलूख समोर येतो.

फरक फक्त उजेडाच्या कोनाचा. फ्लॅश भिंगाच्या शेजारीच असतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्याच पाठीमागे दडते. उजेड तिरपा आला की अर्ध्या मिलिमीटरचा फुगवटाही लांब सावली टाकतो. नांगरलेल्या शेतातली ढेकळं मावळतीला उठून दिसतात ती याचमुळे, आणि चंद्रावरची विवरं पौर्णिमेपेक्षा अष्टमीला दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात तीही.

अशा फोटोत भाकरीची हकीकत वाचता येते. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, त्याच्याच बळावर ती थापली जाते. तव्यावर आत कोंडलेली वाफ पापुद्रा वर उचलते. पीठ ओलं असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. तव्याला टेकलेला भाग आधी सुकतो, मग झपाट्यानं तापतो. शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली अभिक्रिया तिथेच वेग घेते. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. भाकरीचा खमंगपणा आणि तो तपकिरी रंग, दोन्ही तिचीच देणगी.

डाळिंबाचं मात्र उलटं. सोललेला दाणा त्याच तिरप्या उन्हात ठेवला तर पांढऱ्या चकाकीचा एक ठिपका दिसतो आणि लाली फिकी पडते. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला काही उजेड आत न शिरताच परत फिरतो. त्याला दाण्याचा रंग लागलेलाच नसतो. उरलेला उजेड रसाळ गरात शिरतो, तिथली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं त्यातला मुख्यतः हिरवा भाग शोषून घेतात आणि लाल बाहेर येतो. आपल्याला हवा तो हाच उजेड. म्हणून दाणे काचेच्या बशीत ठेवून उजेड मागून येऊ द्यावा. मग प्रत्येक दाणा आतून पेटल्यासारखा दिसतो आणि मधली कठीण बी सावलीसारखी उमटते. सोलापूरकडचं भगवा जातीचं डाळिंब मी असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खाणं विसरून बघतच राहिलो.

घरातला दिवा मात्र बंदच ठेवावा. अनेक स्वस्त एलईडी दिव्यांच्या उजेडात गडद लाल रंगाचा वाटा कमी असतो आणि डाळिंब मरगळलेलं दिसतं. खिडकीचा आणि दिव्याचा उजेड मिसळला तर रंगाचा ताळमेळ कॅमेऱ्यालाही लावता येत नाही.

जवळून फोटो काढण्यात एक अडचण हमखास येते. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवायची तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ-८ छिद्राला जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. ही खोली वाढवायला छिद्र फारच लहान केलं तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच किंचित धूसर होतं. म्हणून जाणकार कॅमेरा तिकाटण्यावर ठेवतात, फोकस केसभर सरकवत अनेक फोटो घेतात आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग एकत्र जोडतात. फोनचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्यात खोली जास्त मिळते. सुरुवातीला फोन पुरे.

उद्या सकाळी तव्यावरची पहिली भाकरी खिडकीशी न्या, ताट हळूहळू फिरवा आणि सावल्या सर्वांत लांब पडतील तिथे थांबून फोटो घ्या.